लोकसंख्येवरील बालंट

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या जिल्ह्यांतील एका गांवीं व्याख्यानमाला झाली. बाहेरगांवाहून आलेले वक्ते विद्वान् होते, वाणी गोड होती, आणि विषय होता 'देशाच्या दारिद्र्याचीं कारणें'. तासभर त्यांनीं आंकड्यांची फैर झाडली आणि शेवटीं निर्णय दिला कीं, सर्व कारणांचें मूळ कारण एकच, तें म्हणजे माणसांची गर्दी. ज्या घरांत ताटें चार आणि खाणारे चौदा, त्या घरीं अन्नपूर्णा तरी येऊन काय करणार, असा त्यांनीं सवाल टाकतांच टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणाऱ्यांत वकील होते, डॉक्टर होते, शिक्षक होते, बँकेंतले अधिकारी होते. आणि कबूल करावयास संकोच वाटतो, परंतु सवयीनें आमचेही हात दोनदां एकमेकांवर आपटले.

सभा आटोपल्यावर चहाच्या वेळीं एक सधन शेतकरी गृहस्थ, ज्यांनीं सर्वांत मोठ्यानें टाळ्या वाजविल्या होत्या, आमच्याजवळ येऊन म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, बोलले बाकी लाखांतलें. पण आमची पंचाईत निराळीच. कापूस बोंडांतून लोंबतो आहे, अन् वेचायला बाई मिळत नाहीं. किलोमागें दर वाढवून दिला, गाडी पाठविली, तरी माणूस नाहीं." एकाच तोंडांतून, पांच मिनिटांच्या अंतरानें, माणसें फार झाल्याची आणि माणूस मिळत नसल्याची अशा दोन तक्रारी निघाल्या, आणि त्यांत कांहीं विसंगति आहे हें ना बोलणाराच्या लक्षांत आलें, ना भोंवतीं उभे राहून माना डोलविणारांच्या. प्रस्तुत लेखाचें निमित्त ही विसंगति आहे.

'भारत हा दाट लोकवस्तीचा विकसनशील देश आहे' हें वाक्य आम्हीं पंचवीस वर्षें वर्गांत सांगितलें आहे. वाक्य म्हणून तें खोटें नाहीं. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें देशांत दर चौरस किलोमीटरला ३८२ माणसें होतीं, आणि २०२३ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबानें आपण चीनलाही मागें टाकलें. आमची तक्रार आहे ती या वाक्यास जोडल्या जाणाऱ्या 'म्हणून' या शब्दाविषयीं. वस्ती दाट आहे, म्हणून जमीन पुरत नाहीं. जमीन पुरत नाहीं, म्हणून दारिद्र्य आहे. आणि पोरें ज्यांनीं वाढविलीं त्यांचें दारिद्र्य आहे, म्हणून ज्याचें त्यानें पाहावें. या साखळींतील शेवटची कडी कोणी मोठ्यानें उच्चारीत नाहीं. पण टाळ्या पडतात त्या तिच्याचसाठीं, असा आम्हांस हल्लीं संशय येऊं लागला आहे.

प्रथम आपल्याच अंगणांत मोजून पाहूं. बुलढाणा जिल्ह्याचें क्षेत्रफळ सुमारें ९,६६१ चौरस किलोमीटर आणि २०११ सालची लोकसंख्या २५,८६,२५८, म्हणजे दर चौरस किलोमीटरला २६८ माणसें. महाराष्ट्राची सरासरी होती ३६५, देशाची वर सांगितलीच आहे. गर्दी हेंच दारिद्र्याचें मूळ असेल, तर आमचा जिल्हा देशाच्या मानानें बराच सुखवस्तु असावयास पाहिजे. मग २००६ सालीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें पश्चिम विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं पंतप्रधानांस ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली, त्यांत बुलढाण्याचें नांव कां आलें? याच न्यायानें राज्यांतील सर्वांत संपन्न जिल्हा गडचिरोली ठरावयास हवा, कारण तेथें दर चौरस किलोमीटरला अवघीं ७४ माणसें राहत होतीं. आणि जेथें हीच संख्या वीस हजारांच्या वर गेली होती त्या मुंबई उपनगरानें अन्नान्न करीत प्राण सोडावयास हवे होते. मुंबई पडली शहर, तिची तुलना खेड्यांशीं करूं नये, असें कोणी म्हणेल. ठीक आहे, केरळ घ्या. तेथील दाटी ८६०, आमच्या जिल्ह्याच्या तिपटीहून अधिक. पण तेथला माणूस आमच्याहून अधिक वर्षें जगतो आणि अधिक शिकतो. हॉलंडांत ती पांचशेंच्या वर आहे, आणि तो टीचभर देश शेतमालाच्या निर्यातींत जगांतील आघाडीच्या देशांत उभा आहे. दाटी आणि दारिद्र्य यांची जन्मगांठ पडलेली असती, तर हीं उदाहरणें सांपडलीं नसतीं.

यावर एक ठराविक उत्तर येतें. तें असें कीं, आजच्या आंकड्यांवर जाऊं नका. पूर्वी लोक थोडे होते तेव्हां वऱ्हाड खाऊनपिऊन सुखी होतें. आमच्या वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडीं हें वाक्य आम्हीं लहानपणापासून ऐकलें आहे, आणि 'सोन्याची कुऱ्हाड' म्हणून वऱ्हाडाची जी ख्याति आहे तिचा आम्हांसही अभिमान आहे. परंतु कागद काय सांगतात? १९०५ सालीं खामगांव व जळगांव हे तालुके अकोल्यांतून काढून आमच्या जिल्ह्यास जोडले गेले, तेव्हां जिल्ह्यास साधारण आजचें रूप आलें. त्या हद्दींत १९०१ सालीं सुमारें सहा लाख माणसें राहत होतीं. दर चौरस किलोमीटरला पुरतीं सत्तरही नाहींत. आणि हा काळ कोणता? १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनीं वऱ्हाड उजाड केल्याचा. त्या दशकांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाहीं, घटली. आज त्याच भूमीवर चौपटीहून अधिक माणसें राहतात, आणि पाऊस चुकला तरी भुकेनें रस्त्यावर मरत नाहींत. माणसें थोडीं होतीं तेव्हां तीं अन्नावांचून मेलीं, आणि पुष्कळ झालीं तेव्हां जगलीं! ज्यांस 'म्हणून' हा शब्द इतका प्रिय आहे त्यांनीं तो येथें जोडून दाखवावा.

मग तेव्हां तीं मेलीं कां? याचें उत्तर शोधावयास फार लांब जाण्याचें कारण नाहीं. जलंबच्या स्टेशनावर उतरून खामगांवच्या गाडींत बसलें म्हणजे पुरे. मुंबईहून नागपुरास जाणारा लोहमार्ग १८६७ सालीं पुरा झाला. मलकापूर, नांदुरा, शेगांव हीं स्टेशनें त्यावरचीं. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी माजली, तेथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांस वऱ्हाडची आठवण झाली. खामगांवचा बाजार तेव्हां कापसासाठीं नांवाजलेला. मुख्य मार्गापासून तो अवघा आठ मैल आंत, म्हणून तेवढ्यासाठीं जलंबपासून एक फांटा काढला आणि १८७० सालीं खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं येऊन तो उघडला. कापसाच्या गांठींपर्यंत रूळ आले आणि तेथें थांबले. त्यास दीडशें वर्षें उलटून गेलीं. खामगांवापासून दक्षिणेस चिखलीवरून जालन्यास जोडणाऱ्या मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. तिच्या पाहण्या झाल्या, अर्ज झाले, मोर्चे झाले. रूळ मात्र एक मैलही पुढें सरकले नाहींत. जिल्ह्याचें मुख्य ठिकाण जें बुलढाणा, तेथें आजही आगगाडी नाहीं.

आमच्या जिल्ह्याचें सारें अर्थशास्त्र त्या आठ मैलांत सांपडतें. माल जेथून उचलावयाचा तेथपर्यंत वाट केली. माल पिकविणारा जेथें राहतो तेथपर्यंत करण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. ज्या शेतांत ज्वारी होती तेथें कापूस आला. कापूस गाडींत बसून गेला, पैसा अडत्याच्या आणि सावकाराच्या हातून फिरला, आणि पाऊस दोनदां चुकतांच ज्याच्या कणगींत दाणा नव्हता तो मेला. इंग्रज गेले, त्यासही पाऊणशें वर्षें होऊन गेलीं. तेव्हां दोष सर्वस्वीं त्यांच्या माथीं मारून मोकळें होणें हेंही लोकसंख्येवर बालंट घेण्याइतकेंच सोयीचें आहे. आजही येथील कापसाची सरकी निघते, गांठ बांधली जाते, आणि सूत व कापड होण्यासाठीं बहुतेक गांठी परमुलखांत जातात. जिनिंगमध्यें मजुरास चार महिने काम मिळतें. सूत काढणें, विणणें, रंगविणें, शिवणें यांत जें बारमाही काम आहे, तें गांठीबरोबर निघून जातें.

आतां पाण्याचें पाहूं. आमच्याकडे जिल्ह्याचे दोन भाग मानतात: घाटाखालचा आणि घाटावरचा. मधून अजिंठ्याची रांग गेली आहे. तिच्या उत्तरेस पडलेला पाऊस नळगंगा, विश्वगंगा यांच्या वाटेनें पूर्णेस आणि पूर्णेंतून तापीस, म्हणजे अरबी समुद्रास मिळतो. दक्षिणेस पडलेला पैनगंगा व खडकपूर्णा यांतून गोदावरीच्या खोऱ्यांत आणि बंगालच्या उपसागरास. दोन समुद्रांस पाणी पुरविणारा हा जिल्हा स्वतः मात्र माघ उजाडला कीं टँकरची वाट पाहूं लागतो. घाटाखालीं पूर्णेच्या कांठीं जमीन अशी काळीभोर आणि खोल कीं परमुलखांतील शेतकऱ्यास हेवा वाटावा. पण पोटांतलें पाणी खारें. हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. तेथें विहीर खणून बागाईत करूं म्हटलें तर जमीन बिघडते, आणि तेंच पाणी पिणाऱ्या संग्रामपूर, जळगांव जामोद भागांतील गांवांतून मूत्रपिंडाच्या विकारानें मेलेल्यांचीं नांवें घरोघर ऐकूं येतात. अशा ठिकाणीं एकच उपाय, तो म्हणजे नदीचें गोडें पाणी अडवून शेतांत नेणें. त्यासाठीं पूर्णेवर जिगांव येथें धरण बांधण्याचें ठरलें. मूळ अंदाज चारशें कोटी रुपयांच्या आंतला होता. आज हिशेब हजारों कोटींत गेला, एक पिढी म्हातारी झाली, आणि काम अजून चालूच आहे. दांडेकर समितीनें १९८४ सालीं अनुशेष मोजून दाखविला. पुढें जो सिंचनाचा अनुशेष भरून निघाला नाहीं म्हणून वारंवार सांगण्यांत आलें, तो अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांतला. मध्यंतरीं वैनगंगेचें पाणी शेंकडों किलोमीटरांच्या कालव्यानें आमच्या नळगंगेंत आणून सोडण्याची योजना मंजूर झाली आहे. ती पुरी होईल तेव्हां आम्ही तिच्यावर अवश्य लिहूं. तूर्त नातवंडांस सांगून ठेवलें आहे.

धरण पुरें होत नाहीं हा काय माणसें पुष्कळ झाल्याचा परिणाम आहे?

घाटावरची गोष्ट निराळी, आणि आमच्या डोळ्यांत पहिलें अंजन पडलें तें तेथल्याच एका मुलाकडून. तीन वर्षांमागें आम्ही वर्गांत तेंच प्रसिद्ध वाक्य सांगत होतों. मागल्या बांकावरून एक मुलगा उठला. मेहकराच्या पलीकडल्या एका खेड्यांतला. फारसा बोलणारा नव्हे. म्हणाला, "सर, आमच्या गांवांत दिवाळीनंतर येऊन पाहा. आरतीला चार माणसें जमत नाहींत. म्हातारीं अन् शेळ्या. मग दाट वस्ती ती कोणती?" वर्ग हंसला. आम्हीही हंसलों, आणि "सरासरी म्हणजे काय" हें त्यास समजावून दिलें. घरीं आल्यावर मात्र चैन पडेना. पौषांत एका रविवारीं त्यास घेऊनच त्याच्या गांवीं गेलों. निम्म्या घरांस कुलुपें होतीं. मुलाचीं आईबाप ऊसतोडीच्या टोळींत गेलीं होतीं. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची, म्हणून गेल्यावांचून सुटका नाहीं. या व्यवहारांत नवराबायकोच्या जोडीस मिळून एक 'कोयता' म्हणतात. खानेसुमारींत तीं माणसें दोन, मुकादमाच्या वहींत एक. आणि आमच्या व्याख्यानमालेंत तीं 'गर्दी' होतात.

सधन गृहस्थांच्या दोन तक्रारींचा उलगडा आम्हांस त्या गांवांत झाला. पूर्वी पऱ्हाटीच्या शेतांत बायकांस निंदणीपासून वेचणीपर्यंत महिनेच्या महिने काम असे. १९९० नंतर सोयाबीन आलें आणि पसरलें. त्यास दोष देणार नाहीं. कापसाच्या किडीनें आणि भावानें गांजलेल्या शेतकऱ्यानें तें घेतलें तें विचारानेंच घेतलें. परंतु हें पीक शंभर-एक दिवसांत हातीं येतें, हार्वेस्टर लावला तर एका दिवसांत शेत मोकळें होतें, आणि पाणी नसल्यामुळें त्यामागून पुष्कळ शेतांत दुसरें कांहीं पेरतां येत नाहीं. दिवाळीला गांवांतलें काम संपतें. उरतो तो कोठें कोठें राहिलेला कापूस, त्याची चारसहा आठवड्यांची तुटक वेचणी. एका बाजूस ती, आणि दुसऱ्या बाजूस सहा महिन्यांचें काम व हातांत आधींच ठेवलेली उचल. कोणता शहाणा माणूस वेचणीसाठीं गांवांत राहील? म्हणून गांवांत माणूस उरत नाहीं आणि बोंडांतला कापूस लोंबत राहतो. एकाच जमिनीवर माणसें फार आणि मजूर कमी, हें कोडें नव्हे. काम वर्षांतल्या थोड्या दिवसांत कोंबलें गेलें आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हें आम्ही तर्कानें सांगत नाहीं. देऊळगांवराजा, सिंदखेडराजा या बाजूस जाऊन पाहावें. जालन्यास १९६४ सालीं बियाण्यांची कंपनी निघाली, तिच्यामागून इतर आल्या, आणि तो धंदा शिंवेवरून आमच्याकडे पसरला. आज तेथें लहान लहान शेतकरी शेडनेटखालीं मिरची, टोमॅटो, काकडी यांचें संकरित बी तयार करितात. एकेका फुलाचा परागसंयोग हातानें करावा लागतो. अर्ध्या एकराला इतके हात लागतात कीं, घरचे पुरत नाहींत, शेजारचे बोलवावे लागतात. हीच माती, हाच पाऊस, हीच माणसें! शेततळें आणि ठिबक यांनीं पाणी थोडें लांबविलें, खरेदीदार आधीं ठरला, आणि 'फाजील' माणसांची एकाएकीं चणचण भासूं लागली. त्या धंद्यांतही खोडी आहेत. भाव कंपनी ठरविते आणि बी नापास झालें कीं शेतकऱ्याचें वर्ष बुडतें. आम्हांस दाखवावयाचें आहे तें इतकेंच कीं, दाटीचें ओझें वाटणें न वाटणें हें कामाच्या मांडणीवर ठरतें. जिल्ह्यांत महामार्गाचीं कामें निघालीं तेव्हां भरावाची माती तळीं आणि नाले खोल करून त्यांतूनच न्यावी, असें ठरविण्यांत आलें. रस्ता झाला आणि तळ्यांत पाणीही सांठलें. या रीतीस 'बुलढाणा पॅटर्न' असें नांवच पडलें. तेवढ्यासाठीं कोणास लोकसंख्या कमी करावी लागली नाहीं.

आमच्यावर येणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला वजनदार आहे. जमिनीचे तुकडे झाले, आजोबांच्या तीस एकरांचे नातवाच्या वांट्यास तीन आले, हें दाटीमुळेंच ना? होय. येथें आम्ही प्रतिपक्षास पुरतें माप देतों: वांटणी माणसांत होते आणि माणसें वाढलीं. पण तीन एकरांवर चारही भाऊ अडकून कां पडले, हें पुढें विचारावें. त्यांतल्या तिघांस तालुक्याच्या गांवीं काम असतें, तर वांटणी सातबाऱ्यावर झाली असती, चुलीवर नव्हे. दुसरा आक्षेप असा कीं, आम्ही कुटुंबनियोजनाविरुद्ध आहों. हा निव्वळ गैरसमज. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' काढून ज्या गोष्टीसाठीं निंदा सोसली, ती आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. किती मुलें व्हावींत हें स्त्रीनें ठरवावें, तिच्या प्रकृतीसाठीं आणि तिच्या स्वातंत्र्यासाठीं. परंतु तें कार्य बव्हंशीं होऊनही गेलें आहे, याची आमच्या वक्त्यांस वार्ता नसावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत देशांत दर स्त्रीमागें सरासरी दोन मुलें आणि महाराष्ट्रांत १.७ असें प्रमाण आढळलें. एवढ्यानें पुढल्या पिढींत लोकसंख्या भरूनही निघत नाहीं. 'चौदा खाणारे' आतां केवळ व्याख्यानांत उरले आहेत. आमच्या घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईस दोन मुलें, आम्हांसही दोनच. तिचीं फार झालीं आणि आमचीं बेताचीं, हा हिशेब कोणत्या गणितानें होतो?

आणि येथें आमच्या वर्गाविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. आम्ही सुशिक्षित मंडळी या सिद्धांतावर इतके लुब्ध कां? कारण यांत आपणांस कांहींच करावें लागत नाहीं. धरण कां रखडलें हें विचारावयाचें तर कंत्राटदाराशीं आणि पुढाऱ्याशीं वांकडें घ्यावें लागतें, आणि त्यांतले कांहीं आपल्या संस्थांच्या चालकमंडळांवर असतात. रूळ खामगांवास कां थांबले हें विचारावयाचें तर मोर्चांत उन्हांत चालावें लागतें. आणि मुकादमाच्या वहींत डोकावयाचें तर आपण चहांत घालतों ती साखर कडू लागण्याची भीति. गर्दीस दोष देण्यास यांतलें कांहींच लागत नाहीं; खुर्ची, पंखा आणि टाळी एवढें पुरतें. आमचीं स्वतःचीं मुलें पुण्यास, बंगळूरास, अमेरिकेस गेलीं, त्यास आपण 'संधि' म्हणतों. मेहकराकडचा माणूस कोल्हापूर-साताऱ्याकडे ऊस तोडावयास गेला कीं तो 'लोंढा' होतो.

त्या मुलाची हकीकत अर्धी राहिली. वर्षाअखेर परीक्षा झाली आणि योगायोगानें उत्तरपत्रिकांचा जो गठ्ठा आमच्याकडे तपासावयास आला त्यांत 'भारताच्या दारिद्र्याचीं कारणें लिहा' हा प्रश्न होता. नांवें झांकलेलीं असतात. पण अक्षर ओळखीचें होतें. त्यानें पहिलेंच कारण लिहिलें होतें, 'दाट लोकवस्ती', आणि त्याखालीं दुहेरी रेघ ओढली होती. गांवाचा, आईबापांचा, कुलपांचा एका अक्षरानेंही उल्लेख नव्हता. आमच्यापुढें छापील आदर्श उत्तर होतें. त्यांतही पहिलें कारण तेंच. आम्हीं त्यास पुरे गुण दिले.